नऊ इंच सरकलेला दिवा

६ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

आज साडेसहाला उठलो. चहा केला. आठ ते अकरा तुझ्या मावशीच्या खोलीतल्या नकाशांच्या गुंडाळ्या खाली काढल्या, पुसल्या, तारखेप्रमाणे लावल्या. त्रेसष्ट भरल्या. दुपारी दोन अंडी उकडून पावाबरोबर खाल्ली. नंतर सिंक घासलं. नळाखाली एक पिवळा डाग पडला आहे, तो काही जात नाही.

संध्याकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर तुझी चिठ्ठी. तू दारापर्यंत येऊन परत गेलीस आणि मी घरातच होतो. बेल वाजवायची होतीस. बहुतेक सेल संपले असतील, उद्या बदलतो.

पोस्टासमोरच्या रेस्टॉरंटचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून बरं वाटलं. तुझ्या मावशीने स्वतंत्रपणे केलेलं ते पहिलं मोठं काम. ती जाऊन परवा चार महिने होतील. तिचं ऑफिस तू बंद पडू दिलं नाहीस, याबद्दल तुला तोंडावर कधी सांगणं झालं नाही, म्हणून इथे लिहितो. त्या कामाचे सात नकाशे सोबत आहेत.

रविवारी माझ्या ऑफिसातल्या जुन्या सोबत्याने एका नव्या जागी जेवायला नेलं. भिंती उघड्या सिमेंटच्या, छताला पाइप तसेच लोंबणारे. आम्ही पाणीखात्यात तीस वर्षं पाइप गाडत आलो, आता लोक ते बघत जेवतात. आवाज असा घुमत होता की सोबती काय म्हणतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपला हसून मान हलवत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा निरोप आला. त्याने मला स्वतःच्या आजाराबद्दल सांगितलं होतं. मी काय करणार? ज्याने काठीला कान लावून रस्त्याखालची गळती ओळखली, त्याला जर अशा जागेत ऐकू येत नसेल तर जागाच चुकीची बांधलेली आहे. तुझ्या मावशीने अशी बांधली नसती.

काका

११ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

नकाशे पोचले. मावशीच्या गुंडाळ्या तारखेप्रमाणे लावल्यात, आता मलाही तसंच लावावं लागणार. माझ्या ऑफिसची अवस्था बघाल तर मोजपट्टीऐवजी दुसरं नाव ठेवाल.

रेस्टॉरंट आता मालकांची मुलगी चालवते. थोरले मालक गल्ल्यावर बसून असतात. या नव्या मालकीणबाईंना तिथलं फॉल्स सीलिंग काढून टाकायचं आहे. (तुम्ही लिहिलंत तसंच, पाइप दिसायला हवेत.) जागा कशी बोलकी दिसली पाहिजे म्हणे. मी म्हटलं, "बोलकी दिसेल, पण समोरच्याचं ऐकू काय येईल?" तर म्हणाल्या, "ताई, लोक हल्ली ऐकायला येत नाहीत, दिसायला येतात."

पण काका, एक कोडं आहे. नकाशे आणि जागा सगळीकडे तंतोतंत जुळतात, फक्त चार नंबरच्या टेबलापाशी जुळत नाहीत. त्या कोपऱ्यात छत दीड फूट खाली आलंय, नकाशात ते नाही. भिंतीकडच्या बाकाची पाठ इतर बाकांपेक्षा वीतभर उंच आहे. आणि दिवा टेबलाच्या मधोमध नाही, बाकासमोरच्या खुर्चीकडे नऊ इंच सरकलेला आहे. अर्ध्या इंचासाठी सुताराला दोनदा शिडीवर चढवणारी बाई, आणि एका टेबलात तीन चुका? चार नंबरवर तुम्ही दोघं दर शनिवारी बसायचात म्हणून तुम्हाला विचारते. फोनच करणार होते, पण "काकांना कामाचं काही कळवायचं तर लिहून कळव" असं मावशीने मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं.

आणखी एक. साइटवरच्या कटरने माझे कान दिवसभर वाजतात. कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, एकटीला कंटाळा येतो. याल का सोबत?

मोजपट्टी

१४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

आज सकाळी बाजारात जाऊन आलो. बेलचे सेल बदलले, पण बेलच बिघडलेली दिसते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो. छत: वरच्या मजल्यावर त्याच बाजूला मोरी आहे. थंड पाण्याच्या पाइपला घाम सुटतो आणि तो खाली ठिबकतो. तो झाकायला नंतर पेटी केली असणार. मला खात्री आहे. खुशाल काढ. पाइप किती इंची आहे ते कळवलंस तर उपाय सांगतो.

बाकाची पाठ: तिथे मी बसायचो. मान टेकायला उंच केली असेल.

दिवा मात्र चुकलेलाच होता. समोरच्या खुर्चीवर ती बसायची आणि उजेड थेट तिच्या तोंडावर. डोळे बारीक करून बोलायची. मी दोन-तीनदा म्हटलं, सरकवून घे की. म्हणायची, "राहू दे, एवढ्यासाठी कुठे सुताराला बोलावू?" लोकांच्या दुकानांत इंच सोडायची नाही. स्वतःच्या टेबलाची वेळ आली की राहू दे.

एक सांगतो. त्या टेबलावर मला तिचा शब्दन्‌शब्द ऐकू यायचा. मी मुळात फार बोलणारा नाही. बाहेर जेवायला जायचं म्हटलं की अंगावर यायचं. पण त्या जागेत मी आपणहून बोलायचो, तिला हसवायचो सुद्धा. बांधणारा जाणकार असला की जागेला गुण येतो. आवाजाची तिला फार काळजी. नवी जागा तयार झाली की मला घेऊन जायची. निरनिराळ्या टेबलांवर बसवून लोखंडी सामानाच्या किंमतपत्रकातली वीस नावं वाचायची, बिजागरी, कडी, मूठ, खिट्टी, आणि मी ऐकू येईल तसं कागदावर लिहायचं. खोलीची तपासणी. तूही ही पद्धत ठेव.

शनिवारी मी अजून तिथे जातो. पण माझ्यासाठी अडून राहू नकोस. आता कुणाशी बोलायचं नसतं, कुठेही बसलं तरी सारखंच.

डॉक्टरकडे येईन. बाहेर बाकावर बसेन. मला काही तपासायचं नाही. तुझ्या फोनच्या लाइनबद्दल तक्रार कर, फार खरखर असते.

काका

२७ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

हे पत्र मी तीन दिवस लिहिते आहे. पहिले दोन दिवस ते न लिहिण्याचं ठरवण्यात गेले.

तुम्ही सांगितलंत म्हणून मंगळवारी चार नंबरचं छत उतरवलं. वर पाइप नव्हता, ओलही नव्हती, घाम सुटल्याची खूणही नव्हती. होती ती काथ्याची चार बोटं जाड गादी, तिच्यावर लोकरीचा नमदा, आणि चारही कडांना कापसाच्या पट्ट्या ठासून बसवलेल्या. म्हातारा सुतार खाली उभा होता. म्हणाला, "अहो हे मीच केलंय. रेस्टॉरंट सुरू झाल्यावर दोन वर्षांनी. बाईंनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं. मला बाकावर बसवलं आणि समोर बसून कडी, बिजागरी, मूठ असं काहीबाही बोलायला लागल्या. मला वाटलं, बाईंना ऊन लागलं."

छताच्या फळीच्या वरच्या अंगाला, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं, तिथे पेन्सिलीने मावशीचं अक्षर आहे. जसंच्या तसं उतरवते:

"४ नंबर. ह्यांचे २० पैकी १८. दिवा ९ इंच माझ्याकडे, म्हणजे ओठ दिसतात. आता पुरे."

बाकीचं सगळं राडारोड्यात गेलं. ही फळी मी सुताराकडे ठेवली आहे.

काका, मी येऊ का? दाराची एक किल्ली माझ्याकडे आहे.

मोजपट्टी

२ मार्च

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

येऊ नकोस. मी ठीक आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग तिच्या टेबलाचा खालचा खण उघडला. तिथे एक खाकी पाकीट होतं, वर 'आवाज' असं लिहिलेलं. आत एकेचाळीस कागद, सगळे माझ्या अक्षरात. कडी, बिजागरी, मूठ. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिने तारीख, टेबल आणि आकडा घातला आहे. पहिल्या कागदावर २० पैकी १९. मग १६. मग भर हॉलमध्ये ११. ज्या दिवशी ११ आले, त्याच्या बाराव्या दिवशी चार नंबरचं छत खाली आलं आणि तिथे १८. शेवटचा कागद गेल्या वर्षीचा. हॉल ४, चार नंबर १५. त्यावर तिने लिहिलं आहे, "कानाच्या यंत्राचा विषय काढू नये. काठी."

मी समजत होतो ती खोली तपासते आहे.

बेल चांगली आहे. तुझी फोनची लाइनही चांगली असणार. त्या नव्या रेस्टॉरंटला मी उगीच नावं ठेवली. (पाइपांबद्दल मात्र माझं मत तेच आहे.)

काल सोबत्याकडे गेलो. बोलायला घेतलं आणि जमेना, म्हणून वहीच्या कागदावर लिहून माफी मागितली, की तू आजार सांगत होतास तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं. त्याने खाली लिहिलं, "गाढवा, मला वाटलं तू मला धीर देतोयस. त्या हसण्यावर मी आठवडा काढला." मग त्याने लिहून लिहून सगळं सांगितलं. तीन पानं झाली.

तुला हे ठाऊक होतं का?

छत मीच काढायला सांगितलं, हे मला आठवतं. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

काका

५ मार्च

ती. काकांना नमस्कार.

तुमचं ऐकणं कमी झालंय हे ठाऊक होतं. चार नंबरचं नव्हतं, शपथेवर सांगते, नाहीतर त्या फळीला कुणाला हात लावू दिला नसता. मी तिच्याकडे लागायच्या आधीचं ते काम.

पहिल्या महिन्यात मी मावशीला म्हटलं होतं, "काकांना सरळ यंत्र लाव म्हणून सांग ना." तिने पट्टी खाली ठेवली. म्हणाली, "तुझ्या काकांना कुणी पदवी विचारली तर ते कान दाखवतात. शहरात काठी टेकून गळती सांगणारा तो एकच माणूस होता. ते काढून घ्यायला मला सांगू नकोस. माझ्या हातात छतं आहेत, भिंती आहेत. मी तेवढं करते." मी म्हटलं, "आणि तू नसशील तेव्हा?" तर म्हणाली, "तेव्हा तू लिहून कळव." माझ्या कानाचं निमित्त खोटं होतं, तेवढी माफी द्या. कटरचा आवाज मात्र खरा आहे.

आता वाईट बातमी. ते छत परत बसवू द्या म्हणून मालकीणबाईंना दोनदा विनवलं. म्हणतात, "एका टेबलासाठी सगळी रेषा तोडू? आणि ज्या बसायच्या त्या बाई तर आता नाहीत." मनाने वाईट नाहीत त्या, फक्त घाईत आहेत. गल्ल्यावर त्यांचे वडील गिऱ्हाइकाला तीन-तीनदा विचारतात, तर त्यांच्यावरही ओरडतात, "बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?" बारा तारखेला रंगारी येणार. एकदा वरचा स्लॅब रंगला की विषय संपला. आणि मला उद्याच दुसऱ्या गावच्या कापडदुकानाच्या कामाला निघावं लागतंय, पंचवीसपर्यंत परत येणं नाही.

मावशीने बारा वर्षं जपलेलं मी एका मंगळवारी पाडलं, काका.

मोजपट्टी

२१ मार्च

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

उशिरा लिहितो आहे, कारण सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. तू नव्हतीस म्हणून क्रमाने सांगतो.

नऊ तारखेला सकाळी दहाला रेस्टॉरंटमध्ये गेलो. बरोबर कोरे कागद, दोन पेन्सिली आणि किंमतपत्रक नेलं. सुताराला आदल्या दिवशी निरोप दिला होता, तो फळी घेऊन आला. मालकीणबाईंना मी आधीच सांगितलं, "मला कमी ऐकू येतं. समोर येऊन बोला." हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो. काही झालं नाही. त्या समोर येऊन बोलल्या.

मी म्हटलं, माझ्यासाठी काही मागायला आलेलो नाही. तुमच्या वडिलांची दहा मिनिटं द्या.

थोरले मालक उठायला तयार नव्हते. "मला काय धाड भरली आहे? ही हल्लीची गिऱ्हाइकंच पुटपुटतात."

मी म्हटलं, "माझीही बेल बिघडलेली होती."

त्यांनी गल्ल्याला कुलूप लावलं. मग आले.

हॉलच्या मध्ये दोन खुर्च्या मांडल्या. मी वीस नावं वाचली, त्यांनी लिहिली. बाहेर रहदारी होती, आत भांडी घासणं चालू होतं, रोज असतं तसंच. सहा बरोबर आली. मालकीणबाई हसल्या. "बाबा, ही काय थट्टा लावलीय?" त्यांनी कागद मुलीकडे सरकवला आणि म्हणाले, "थट्टा नाही गं." तेवढंच.

मग चार नंबर. सुताराने दोन शिड्यांवर ती फळी आडवी टाकली, वर नवी काथ्याची गादी अंथरली. तुझ्या मोजमापाला हे चाललं नसतं, पण तेवढ्यापुरतं ठीक होतं. थोरल्या मालकांना बाकावर माझ्या जागी बसवलं आणि मी समोर तिच्या खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीवर मी कधीच बसलो नव्हतो. सुताराने दिवा धरला, नऊ इंच माझ्याकडे.

उजेड सरळ डोळ्यांत येतो. पुढचं काही दिसत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. मी चार नावं वाचली आणि मान खाली गेली. सुतार वरून म्हणाला, "साहेब, तोंड वर ठेवा. बाई ठेवायच्या." मी वर ठेवलं. वीसही वाचली. पाच मिनिटं लागली असतील. ती दर शनिवारी दोन तास बसायची, बारा वर्षं.

थोरल्या मालकांचे २० पैकी १४ आले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि मुलीला म्हणाले, "ये, बस इथे. काय काय म्हणत असतेस दिवसभर, ते सांग." ती दिव्याखाली बसली. मी आणि सुतार उठून बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. तो म्हणाला, "बाईंना ऊन लागलं नव्हतं तर." मी म्हटलं, "नाही."

थोड्या वेळाने मालकीणबाई बाहेर आल्या. डोळे लाल होते. सुताराला विचारलं, भिंतीकडच्या चारही टेबलांना असं करायला किती दिवस लागतील. रंगाऱ्याला वीस तारीख दिली. मधल्या हॉलमध्ये पाइप उघडेच राहणार आहेत. निदान सरळ रेषेत टाकायला सांग.

चार नंबरला तीच जुनी फळी बसवली. बसवण्याआधी सुताराने पेन्सिल माझ्यापुढे केली. मी तिच्या अक्षराखाली "थोरले मालक, २० पैकी १४. दिवा तसाच ठेवावा" असं लिहिलं. त्याखाली "पोचलं" लिहून तारीख घातली आणि सही केली, ऑफिसात कागद मिळाला की करायचो तशी. मग सुताराने फळी वर चढवली.

तू वाईट वाटून घेतलंस, ते सोडून दे. तू ते छत पाडलं नसतंस तर मला आजही वाटत असतं की जागेलाच गुण आहे. तिचे उपकार तुझ्या हातून मला पोचले. आणि नऊ वर्षं तू लिहून कळवत आलीस, ते मी तुझी शिस्त समजत होतो.

सतराला कानाच्या डॉक्टरकडे गेलो, एकटाच. यंत्र मिळालं. पहिले दोन दिवस वर्तमानपत्राची घडी मोडली तरी दचकत होतो. आता सवय होते आहे.

आज सकाळी हे पत्र लिहायला बसलो तर स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला. जाऊन पाहिलं. नळ ठिबकत होता. दर चार सेकंदांनी एक थेंब, त्या पिवळ्या डागावर. तीस वर्षं दुसऱ्यांची गळती शोधणाऱ्याच्या घरी, किती महिने कोण जाणे. पत्र तसंच ठेवून उठलो. पाण्याची मुख्य चावी बंद केली, माळ्यावरून हत्यारांची पेटी उतरवली, नळ उघडून वायसर बदलला. चावी पुन्हा सोडली आणि सिंकपाशी पाच मिनिटं उभा राहिलो. थेंब पडला नाही.

काका